चार बोटं बाहेर

नत्थुजीने गज पुन्हा बाहेर ओढला आणि बंदुकीला एक कचकचीत शिवी हासडली.

तेल्हाऱ्यातल्या त्याच्या घराच्या ओट्यावर सकाळपासून हेच चाललं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरातून आणलेली ठासणीची बंदूक ती. आधी दारू, वर कापसाचा बोळा, मग शिशाची गोळी, आणि गजाने सगळं ठासून तळाशी बसवायचं. यात डोकं लावण्यासारखं काय आहे? गोळी नीट बसल्यावर गज किती बाहेर उरतो, त्याची खूण त्याने गजावर केलेली होती. पण आज गज खुणेच्या चार बोटं वरच अडे. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फुटते आणि आपलंच थोबाड उडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि बंदूक तर उद्याच हवी होती. साता समुद्रापार लढाई पेटल्यापासून कापसाला सोन्याचा भाव आलेला. शेत पांढरंफटक फुटलेलं, पण वेचायला चिटपाखरू येईना. बिबट्याने वेचणाऱ्या माणिकबाईला भर दुपारी ओळीतून उचलून नेलं, तेव्हापासून बायांनी शेताची वाटच सोडली. शेवटी नत्थुजीची बायको जमुना म्हणाली, आधी मी उतरते, मग येतील साऱ्या. ती एकटी ओळीत वाकणार आणि नत्थुजी शेतातल्या माळ्यावरून राखण करणार. बंदूक चालली नाही तर काय होईल, हा विचार आला की तो आणखीच चिडे.

त्याने गोळी कानशीने घासली. नळी कढत पाण्याने धुऊन वाळवली. शिसं वितळवून नवीन गोळी ओतली. चार बोटं! काय कटकट आहे ही!

त्यातून एक गोष्ट त्याला मुळीच आवडली नव्हती. अडकलेली गोळी गजाला टणक लागते. हे तसं नव्हतं. दाबलं की खाली काहीतरी मऊ दबे, आणि हात सैल सोडला की गज हळूच वर येई. निजलेल्या जनावराच्या पोटावर हात ठेवावा तसं वाटे.

गजाला पेच लावून त्याने आतलं उपसायला घेतलं. गोळी आली. मागून बोळा आला. मग कापूस येतच राहिला. घातला होता चिमूटभर, आणि मांडीवर ढीग झाला. दारूचा एक डाग नाही त्याला. उलट आंबूस वास येत होता, दह्याचा.

जमुना दारात येऊन उभी राहिली. बोळ्याला कापूस कुठला घेतला, असं तिने विचारलं. दारामागच्या टोपलीतला, तो म्हणाला. तिने टोपलीत हात घातला, तर कापसाला दहीभाताची शितं चिकटलेली.

वेचणीआधी बाया शेतात सीतादही करतात. दहीभात ठेवतात आणि पहिला वेचलेला कापूस तिथेच शेताला सोडतात. यंदा सोन्याच्या भावाचा कापूस असा सोडणं नत्थुजीच्या जिवावर आलं होतं. बायांची पाठ वळली आणि त्याने तो उचलून घरी आणला होता.

"तो शेताचा असते," जमुना म्हणाली. "परत ठिऊन या. मंग भरा बंदूक."

"बंदुकीले काय समजते कापूस कोनाचा हाय ते? मी तुह्या जिवासाठी मरून राहिलो, अन् तू मले दहीभात सांगून राहिली."

नत्थुजीने नळी झटकून पुन्हा दारू ओतली, हट्टाने त्याच टोपलीतला बोळा घेतला, कानशीने घासलेली गोळी घातली आणि गजावर लाकडी मोगरी हाणली. पुन्हा हाणली. आत काहीतरी फसकन बसल्यासारखं झालं.

गज बरोबर खुणेवर आला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर जमुनेच्या मागची कापसाची पऱ्हाटी हलली. बिबट्या दबून बसला होता. नत्थुजीने नेम धरला आणि चाप ओढला. बार दणक्यात निघाला.

धूर विरला तेव्हा बिबट्या आडवा पडलेला होता. जमुना उभी होती.

बांधावर थांबलेल्या बाया धावत आल्या. शेजारच्या रामरावने जनावर उलटंपालटं करून पाहिलं. जखम कुठेच नव्हती. त्याने काठीने जबडा उघडला. घशापर्यंत कापूस ठासलेला होता, पांढरास्वच्छ.

नत्थुजी जमुनेकडे धावला. तिने वेचलेल्या कापसाची ओटी सोडली. त्यातून शिशाची गोळी खाली पडली, एका बाजूने कानशीने घासलेली. त्याने उचलली. गरम होती. लुगड्याला भोक नव्हतं.

"मले काईच नाई झालं," ती म्हणाली. "काहून असे पाहून राहिले?"

तिच्या ओठाला कापसाचा तंतू चिकटला होता. वेचणाऱ्या बाईच्या ओठाला तंतू लागायचाच. तो पुसायला त्याने हात पुढे केला.

तंतू ओला होता. त्याला बंदुकीच्या दारूचा वास होता.

त्याने तो ओढला. तोंडातून चार बोटं बाहेर आला, तरी आतलं टोक सुटेना.