पांढऱ्या कापडातला चेहरा

"आधी माझ्या भाच्याला सोडवा, पैशांचं मग बघू," पेरुसीबाई दारातूनच म्हणाल्या.

युगांडातल्या जिंजा गावात खासगी तपास करणाऱ्या तेझिरा नाब्विरेनं त्यांना बसवलं. हवालदार ओकिरिंग तिथंच चहा पीत होता. भाच्याला त्यानंच आत टाकलं होतं. ओकिरिंगला ठसका लागला.

पेरुसीबाईंचे यजमान योकाना अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीनं परदेशातून डिजिटल नाणी पाठवली होती. ती उघडायचे बारा गुप्त शब्द योकानांच्या उशाशी, बायबलात लिहून ठेवले होते. रविवारी पेरुसीबाई चर्चमधून परतल्या, तोवर नाणी गायब!

अशी नाणी वटवणाऱ्या कंपालातल्या एका एक्स्चेंजमधल्या खात्यात ती गेली होती; ओकिरिंगनं तिथं कळवलं. तिथल्या कर्मचारी केमिगिशानं वीस मिनिटांत नाणी गोठवली आणि पोलिसांचं पत्र मिळताच खातेदाराचा फोटो पाठवला. तो भाचा इसाबिर्येचा होता.

"चेहरा त्याचा, ओळखपत्रही त्याचंच," ओकिरिंग म्हणाला. "अन् गळ्याशी पांढरं बघा. चर्चमध्ये गातो ना, तो झगा."

नाब्विरे फोटो निरखत राहिली. एका कानापुढे दाट कल्ला, दुसऱ्यापुढे काहीच नाही.

"नवी फॅशन," ओकिरिंग म्हणाला.

कोठडीत इसाबिर्ये रडकुंडीला आला होता. "देवाशपथ, मी खातं उघडलंच नाही!"

"घरात बाहेरचं कोण येतं?"

"फक्त बालिदावा न्हावी. दर शनिवारी आतोबांची दाढी करायला."

बालिदावाच्या दुकानात गिऱ्हाइकांचे कोट खुंटीला लटकत होते. आरशाच्या जागी नुसती चौकट होती.

"पोरगा गुणी वाटला होता हो," बालिदावा हळहळला आणि खुर्चीतल्या माणसापुढे फोन धरला. "मान वळवा साहेब, बघा जमलंय का."

दुपारी नाब्विरेनं सगळ्यांना ठाण्यात बोलावलं.

"अर्धी हजामत करून कोणी चर्चमध्ये गायला उभं राहतं का, हवालदार? तो झगा नाही, न्हाव्याचं कापड आहे. खातं उघडायला हलता, जिवंत चेहरा लागतो. इसाबिर्ये केस कापायला गेला, तेव्हा बालिदावानं आरसा म्हणून फोन धरला आणि मान वळवून घेतली. ओळखपत्र खुंटीवरच्या कोटात मिळालं. बारा शब्द दाढी करता करता उतरवले."

"पुरावा दाखवा की!" बालिदावा गुरकावला.

नाब्विरेनं टेबलावरचा फोन मोठ्या आवाजावर केला. पलीकडे केमिगिशा होती.

"हवालदारांच्या पत्रावरून आम्ही शोध घेतला. ज्या फोनवरून हे खातं उघडलं, त्यावरून आणखी तीन खाती निघालीत. तिघांच्याही गळ्याशी पांढरं कापड आहे."

ओकिरिंगनं बालिदावाचा फोन काढून घेतला आणि त्याचा क्रमांक वाचून दाखवला.

"तोच," केमिगिशा म्हणाली.

ओकिरिंगनं स्वतः कोठडी उघडली. "चुकलं माझं, बाळा," तो इसाबिर्येला म्हणाला.

पेरुसीबाईंनी भाच्याला पोटाशी धरलं, मग फोन हातात घेतला.

"पोरी, रविवारीसुद्धा तू कामावर होतीस?"

"नाही, जेवत होते. हवालदारांचा फोन आला, म्हणून उठले."

"भरल्या ताटावरून उठलीस?" त्यांनी डोळे पुसले. "ऑपरेशन होऊ दे यांचं. मग जिंजाला ये. तुला जेवू घालीन, आणि तू हात धुवेपर्यंत कुणाला तुला उठवू देणार नाही."