चुऱ्यातला ट्रॅकर

गिल आर्सेनोवर माझा विश्वास नव्हता, आणि हे मी त्याच्यापासून कधी लपवलंही नाही. हॅमिल्टनमधल्या आमच्या कंपनीचे जुने संगणक तो चुरा करायला नेतो. पण वस्तू त्याच्या हवाली केली म्हणून आम्ही सुटत नाही. उद्या एखादा मॉनिटर परदेशातल्या उकिरड्यावर सापडला तर दंड कंपनीला, आणि हे काम माझ्याकडे, म्हणजे नोकरी माझी जाणार. चुरा झाल्याची माझी सही मिळाली नाही, तर गिलचा परवाना जाणार.

म्हणून या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. एका बंद मॉनिटरच्या पोटात ट्रॅकर, म्हणजे फोनवर जागा दाखवणारी चकती, चिकटवला आणि मालाच्या मागोमाग गिलच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले.

"आजपण पहारा, वर्ना? लग्नच करून टाक माझ्याशी, म्हणजे चोवीस तास नजर ठेवता येईल," गिल म्हणाला.

"आधी मॉनिटर टाक यंत्राच्या पट्ट्यावर."

त्यानं टाकला. माझ्या डोळ्यांदेखत यंत्रानं तो कडाकडा फोडून गिळला. पलीकडच्या पेटीतला चुरा मी हातमोजे घालून उकरला, तर त्यात ट्रॅकरही सापडला. दोन तुकडे, बॅटरी चेपलेली. मला चक्क लाज वाटली. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर.

सवयीनं फोन बघितला. नकाशावरचा ट्रॅकरचा ठिपका बर्लिंग्टन स्ट्रीटवरून चालला होता.

"हे काय?" मी फोन गिलपुढे धरला.

"मेलेला ट्रॅकर जुनी जागा दाखवत असेल."

"जुनी जागा हलत नाही, गिल."

या वेळी त्यानं थट्टा केली नाही. ठिपका सिग्नलला थांबला, वळला आणि आमच्या ऑफिसच्या दारात स्थिर झाला. तुकडे माझ्या मुठीतच होते.

मी ऑफिसातल्या माझ्या सहकारी शेलीला फोन लावला.

"बरं झालं केलास," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मॉनिटर परत आलाय. आख्खा. ओरखडासुद्धा नाही."

"कोणी आणला?"

"कोणी म्हणजे? गिलनं. हा काय, समोर उभाय. आज काहीतरी बिनसलंय त्याचं, हसतसुद्धा नाहीये. चुरा झाल्याची तुझी सही हवी म्हणतो."

मी मान वर केली. गिल माझ्यासमोर होता. हातात पेन.

"सही करतेस ना, वर्ना?" फोनमधून त्याचा आवाज आला.

मग समोरच्या गिलचे ओठ हलले.