दोन मिनिटांचा फोटो

मानसिंगरावांच्या माशांचा फोटो काढायला मी सायकलवर निघालो, तेव्हा मला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. त्यांच्या सोप्यातल्या भिंतीवर मी दिलेला एक फोटो टांगलेला होता.

चौऱ्याहत्तर साल होतं. मानसिंगराव नुकतेच नेव्हीतून पेन्शनीत आले होते. आष्ट्याबाहेरच्या मळ्यातल्या घरात, सांगलीहून बनवून आणलेल्या काचेच्या टाकीत त्यांनी समुद्र भरला होता. रत्नागिरीहून कॅनमधून खारं पाणी आणलेलं, तळाला पोवळ्याचे दगड, वर चाळीसचा बल्ब. उसाच्या मुलखात समुद्र आणला म्हणून गाव त्यांची टिंगल करायचं. आठांपैकी दोन मासे उरले होते.

"ह्ये बी जात्याल," ते म्हणाले. "त्येच्या आदी फोटू काढा, बाळासो."

"फ्लॅश मारला तर काच चकाकंल. दोन मिनिटं शटर उघडं ठेवायला लागंल. पण मासं येतील असं न्हाई. हलतंय त्ये अशा फोटूत येत न्हाई. थांबतंय तेवढंच येतंय."

"दगडं तरी येत्याल," ते म्हणाले.

टाकीसमोरच्या भिंतीवर तो फोटो होता. पदर कपाळावर ओढलेली, डोळे मिटलेली बाई, नाकात कापूस, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. खाली नाव, कै. हरणाबाई. हार ताजा होता.

"ह्येचं प्रतिबिंब पडंल," असं म्हणून मी त्यावर माझं काळं कापड टाकलं. कारण खरं होतं, पण मला तो बघवत नव्हता हे जास्त खरं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात मानसिंगरावांच्या पत्नी हरणाबाई तापानं गेल्या, तेव्हा युद्ध चालू होतं आणि मानसिंगराव जहाजावर होते. मयत उचलायच्या आधी त्यांच्या आईनं मला बोलावून घेतलं. "पोराला शेवटचं त्वांड तरी दिसू दे," म्हातारी म्हणाली. मी आठ फोटो काढले. घरी येऊन कॅमेरा उघडला, तर रोल स्पूलला अडकलाच नव्हता. एकही फोटो निघालेला नव्हता, आणि तोवर चिताही पेटली होती.

जाऊन सरळ सांगायला हवं होतं. मला माझ्या नावाची पडली होती.

मी माझ्या बायकोला, शालूला, परसात जमिनीवर निजवलं आणि तिच्या नाकात कापसाचे बोळे घातले.

"लय कोंडतंय वो. उठू का?"

"हलू नकोस," मी म्हणालो.

हनुवटीवरचं गोंदण नंतर फोटोवर ब्रशनं रंगवलं. म्हातारी फोटो निरखत म्हणाली, "हरणावानी दिसंना." मेल्यावर चेहरा बदलतो, असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. बाराव्यानंतर आलेले मानसिंगराव फोटोकडे बघून म्हणाले, "लय बदलली." मी तेव्हाही मान डोलावली. त्याची आजही लाज वाटते.

फोटोला हार पडला त्याच आठवड्यात शालूचं नाक चोंदलं. तीन वर्षं ती तोंडानं श्वास घेत होती. मिरजेला दोनदा दाखवलं, काही निघालं नाही. हा योगायोग आहे, असं मी स्वतःला बजावत आलो होतो.

मी सोप्याचं दार लावून घेतलं, शटर उघडलं आणि आकडे मोजू लागलो. मानसिंगराव माझ्या मागे उभे होते. पाण्यात बुडबुडे वाजत होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डार्करूममध्ये प्रिंट धुतली. मासे आले नव्हते. दगड कोरल्यासारखे स्पष्ट होते, आणि दगडांच्या मागे एक बाई बसली होती.

हात गुडघ्यांवर, डोळे उघडे. हनुवटीवर तीन ठिपके, मधला जरा तिरका. मी ते सरळ ओळीत काढले होते.

दोन मिनिटं ती हलली नव्हती.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? ब्रश उचलला, तिला पुसून टाकायला. मग भिंतीपलीकडून शालूचा घरघरता श्वास ऐकू आला, तसा ब्रश खाली ठेवला.

मानसिंगरावांनी प्रिंट उजेडाकडे धरली.

"ही माजी हरणा." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "मंग तीन वर्सं आमी कुणाला हार घालतोय?"

"माझ्या बायकोला."

"जित्या बाईला?"

"व्हय."

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हार काढला आणि फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली. घड्याळात चारचे ठोके पडले.

"जावा," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

घरी शालू उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, तोंड मिटून.

"आवं, नाक मोकळं झालं! चारचा चा ठेवला न् एकाएकी आल्याचा वास आला." ती हसली. "काखंत काय वो?"

"जुनी फ्रेम," मी म्हणालो. तेवढ्यावरही खरं बोलवलं नाही.

डार्करूममध्ये जाऊन दार लावलं. फोटो काढून जाळायचा होता. फ्रेम पालथी केली. मागचे खिळे मीच ठोकलेले, गंजलेले. चिकटपट्टी कुठं उचकटलेली नव्हती.

मग फ्रेम सुलटी केली.

फोटोतल्या शालूच्या नाकात काही नव्हतं. काचेच्या आत, खालच्या पट्टीवर, कापसाचे दोन बोळे पडले होते.