उभं पाणी

प्रवाहनलिकेत खारं पाणी वाहतं ठेवणारा पंप बंद पडला होता. तो दुरुस्त करून डॉ. सुलक्षणा खवणेकर देवगडच्या प्रयोगशाळेत परतली आणि दारातच थबकली. नलिकेतल्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पट्टीची चाळण झाली होती. बोट लावताच तिचा चुरा झाला.

“अशक्य!” तिचे ज्येष्ठ सहकारी डॉ. डिमेलो पुटपुटले. “वेगवान खाऱ्या पाण्यात महिनाभर टिकली होती ही!”

“वाहत्या पाण्यात टिकली, सर. वेगामुळे तिचा मूळचा संरक्षक थर खरवडून निघतो. पण त्याच पाण्यातला प्राणवायू घेऊन नवा, नाजूक थर सतत तयार होत राहतो. पाणी थांबलं की प्राणवायू तुटतो, थर विरतो आणि क्षार धातू खाऊन टाकतात. आपण दर वेळी पट्टी वाहत्या पाण्यातून काढली आणि लगेच पुसली. उभ्या पाण्यात कधी ठेवलीच नाही!”

“पण आपली ‘जलवेगा’ बोट आठवडाभर धक्क्याला उभी होती.”

“तेव्हा मूळचा थर शाबूत होता.”

याच धातूची ‘जलवेगा’ आज पहिल्यांदाच पूर्ण वेगाने धावत होती. बोटीवर साठ माणसं होती, आणि सुकाणू होतं सुलक्षणाच्या थोरल्या बहिणीच्या, कॅप्टन उर्मिलाच्या हाती.

सुलक्षणाने रेडिओकडे धाव घेतली. “ताई, कुठे आहेस?”

“बंदर दिसायला लागलंय. वेग कमी करतेय. का गं?”

“करू नकोस! पाण्यात थांबलीस तर बोटीच्या तळाची चाळण होईल.”

“सुलू, शुद्धीवर आहेस ना? इंधन संपत आलंय. थांबावं तर लागणारच.”

“पाण्यात नाही. बंदराच्या अलीकडे पुळण आहे. वेग न सोडता बोट वाळूवर चढव.”

पलीकडे इंजिनाची घरघर वाढली. मग उर्मिलाचा करडा आवाज, “सगळे खाली बसा! घट्ट धरा!” पाठोपाठ धातू घासल्याचा कर्कश आवाज, किंकाळ्या. मग काहीच नाही.

डिमेलोंनी खुर्चीची पाठ गच्च धरली. सुलक्षणा हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने रेडिओ खरखरला.

“सगळे उतरले. एकाचा हात मोडलाय, बाकी ठीक.” उर्मिलाला धाप लागली होती. “पुढची नाळ वाळूत रुतलीय. मागचा भाग पाण्यात होता.”

“होता म्हणजे?”

“आता नाहीये, सुलू.”