आबांचं उंच स्टूल आणि चंद्रावरचा आकडा

माझे आबा, म्हणजे डॉ. श्रीनिवास हळबे, यांनी चाळीस वर्षं मिरजेत रक्तदाबावर संशोधन केलं. लोकांचा रक्तदाब कसा वाढतो आणि कसा उतरतो, हे अर्ध्या जगाला सांगितलं. आणि तीन दिवस त्यांचा स्वतःचाच रक्तदाब एकशे साठच्या खाली उतरायला तयार नव्हता. जेवणात मीठ कमी, रोज पहाटे चालणं, गोळी वेळेवर, तरी बंडोपंत आबांचं मनगट धरायचा आणि म्हणायचा, "एकशे साठ, सर. नोंद पाठवली."

बंडोपंत हा आमचा यंत्रमानव. उंचीने माझ्या कमरेएवढा आणि नको तितका प्रामाणिक. त्याची नोंद थेट चांद्रतळाच्या (चंद्रावरच्या संशोधन वसाहतीच्या) कचेरीत जायची. तिथे जायला आबांची निवड झाली होती, पण चौथ्या दिवशी वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आला तरच. नाहीतर त्यांची जागा दुसऱ्याला मिळणार होती.

आबांना चंद्र बघायची हौस नव्हती, हवा होता तिथला एक आकडा. त्यांच्या जाड वहीत चाळीस वर्षांच्या रक्तदाबाच्या मोजण्या होत्या: नारळाच्या झाडावर चढणारे, शीर्षासन करणारे, प्राणिसंग्रहालयातला एक जिराफसुद्धा. शेवटच्या ओळीत नुसतं 'चंद्र' लिहिलं होतं आणि पुढे जागा कोरी होती.

"राहिली तर राहिली," आबा म्हणाले. पण त्यांनी चहा अर्धा टाकला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी आबा अंघोळीला गेले होते. मी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या उंच स्टुलावर चढले. निवृत्त होताना आबांनी घरी आणलेली ती एकच वस्तू, आणि ते बसायचे तिच्यावरच. मी हात खाली सोडून म्हटलं, "बंडोपंत, माझा बघ."

"एकशे सव्वीस, पूर्वाताई."

शाळेत तर माझा शंभर आला होता! मी उतरले, साध्या खुर्चीत बसले आणि हात टेबलावर ठेवला. पाच मिनिटांनी आकडा आला एकशे दोन. मुलगी तीच, सकाळ तीच, आणि फरक चोवीसचा.

आबा टॉवेलने डोकं पुसत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्टूल बाजूला सरकवलं आणि ते खुर्चीत बसले.

"अगं, पहिल्याच तासाला मुलांना हेच शिकवत होतो मी. गच्चीवर टाकी असली की वरच्या मजल्यावरच्या नळाला धार बारीक आणि तळमजल्यावर जोरात. का?"

"खालच्या नळावर जास्त पाण्याचं वजन येतं."

"रक्तालाही वजन असतंच की. धमनी (हृदयाकडून रक्त नेणारी नळी) भिंतींवर जो जोर सोसते, तो रक्तदाब. मनगट हृदयाच्या तीस सेंटिमीटर खाली गेलं, की मधल्या रक्ताचं वजन त्यात मिळतं. झाले सुमारे चोवीस जास्त. बंडोपंत बुटका, माझं स्टूल उंच. मी रोज त्याच्याकडे हात खाली सोडत होतो."

"आणि त्याला शिकवतही होतात," मी म्हटलं. "मोजताना बोललं तरी दाब वाढतो ना?"

आबा स्वतःशीच हसले. मग म्हणाले, "पण म्हणून रक्तदाबाला हसायचं नाही हं. खराखुरा वाढलेला दाब काही दुखत नाही, आणि वर्षानुवर्षं गुपचूप नळ्या झिजवतो. मानेत दाबसंवेदक (दाब ओळखून मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकं) असतात. दाब सारखाच जास्त राहिला, की तेही त्याला सरावतात आणि तक्रार करत नाहीत. माझी निम्मी नोकरी त्यांच्याच मागे गेली."

आता खरी परीक्षा होती. खुर्ची, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या उंचीवर आणि पाच मिनिटं गप्प. आबांना शेवटचंच जड गेलं. दोनदा त्यांचं तोंड उघडलं, दोनदा मी बोट ओठांवर ठेवलं.

"एकशे तीस, सर. नोंद पाठवली." बंडोपंत थोडा थांबला. "आधीच्या तीन नोंदी चुकीच्या पद्धतीने घेतल्या, हेही कळवलं."

आबांनी मला जवळ घेतलं. त्यांचं हृदय धडधडत होतं, पण तेव्हा मोजायला कोणी सांगितलं नाही.

चंद्राकडे निघताना वही त्यांनी माझ्याकडे दिली. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या सहावा हिस्साच भरतं, म्हणून कोऱ्या जागेत मी पेन्सिलीने चार लिहिलं. हात खाली सोडल्यावर तिथे वाढणारा दाब: चोवीस भागिले सहा.

दोन महिन्यांनी पडद्यावर आबा दिसले, चेहरा थोडा सुजलेला, पण फार खुशीत. "हात हृदयापाशी, एकशे अठ्ठावीस," ते म्हणाले. "आता खाली सोडला, तीस सेंटिमीटर. एकशे बत्तीस. इथे माझं स्टूल चाललं असतं बघ."

मी पेन्सिलीच्या चारवर शाईने गिरवलं. मग खाली पट्टीने एक नवी ओळ आखली, तिच्यात 'मंगळ' लिहिलं आणि पुढे जागा कोरी ठेवली.

वही मी पडद्यासमोर धरली. आबांनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "तू जाशील तेव्हा साध्या खुर्चीत बस."