रिकामी वाटी

सिंधी बाई असून इतकं मराठी कुठे शिकलात, असं सगळे विचारतात. शाळेत नाही शिकले आणि बाजारातही नाही. दिवा जरा इकडे सरकवा, सांगते.

अठ्ठेचाळीस साल. कराचीहून बोटीने मुंबई आणि तिथून नगरजवळची निर्वासितांची छावणी. लष्कराची जुनी पत्र्याची बराक, मध्ये तरटं टांगून एकेका कुटुंबाला खोली केलेली. आमची शेवटून दुसरी. नवरा दिवसभर नगरात काम शोधायचा. खोलीत मी आणि पाच वर्षांची रुकी. बोटीत चढल्यापासून पोर एक शब्द बोलली नव्हती. मी झुलेलालकडे एकच मागायची, एकदा हिला 'अमां' म्हणू दे.

पहिल्याच दुपारी ज्वारीच्या पिठाने मला रडवलं. भाकरी थापली की मोडायची. तेवढ्यात शेवटच्या खोलीकडच्या तरटामागून म्हातारा, घोगरा आवाज आला.

"ऊन पान्यात मळ, पोरी."

निम्मं कळलं, पण भाकरी जमली! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आमच्यात शेजारी भेटला की पापड आणि पाणी देतात. मी वाटीत पापड घालून तरटाखालून सरकवला. संध्याकाळी वाटी परत आली, कारळाच्या चटणीने भरलेली. मग रोज दुपारी हेच. म्हातारी एकेक शब्द शिकवायची, मी घोकायची. हात मात्र कधी दिसला नाही. नुसती वाटी सरकायची आणि मागोमाग ओल्या राखेचा वास यायचा. लाजाळू असेल बिचारी, असं मी मनाशी म्हणायची.

एकदा तिने आपल्या पितळी वाटीत पिठलं दिलं. त्या आठवड्यात आमचं रेशन आलं नव्हतं, घरात दाणा नव्हता. मी वाटी लख्ख धुतली आणि तशीच परत सरकवली.

पलीकडे वाटी उचलल्याचा आवाज आला.

"रिकामी दिलीस व्हय...?"

"घरात काही नाही, आजी."

"हाय की... एक हाय. तुमच्या वापरात न्हाई ते... घिऊ?"

मला वाटलं, एखादं डबडं मागत असेल. मी म्हटलं, "घ्या ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुकी उठून बसली आणि म्हणाली, "आये, भूक लागली."

मी तिला छातीशी धरून हसले, रडले. 'अमां' नाही म्हणाली, तर न म्हणो! पण मी सिंधीत बोलले की ती नुसती बघत राहायची. आवाजही जरा घोगरा वाटला. इतके महिने गप्प होती, त्यामुळे असेल.

गोवऱ्या विकायला झुंबरबाई यायची. मी आनंदाने तिला सगळं सांगितलं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"कोन आजी? पल्याडची खोली रिकामी हाय बाई. पत्रा उडाल्यापून कुनी ऱ्हात न्हाई तिथं."

मी तरट उचललं. आत जाड धूळ, तिच्यावर एक पाऊल नाही.

"आन् शेजारनीचं भांडं रिकामं धाडलंस?" ती हळूच म्हणाली. "आमच्यात न्हाई धाडत..."

पुढे नगरात खोली मिळाली. निघायच्या दिवशी रुकी टांग्यात बापाशेजारी बसून बडबडत होती. मी शेवटचं गाठोडं घ्यायला आत आले. टळटळीत दुपार होती. आणि तरटामागून आवाज आला. बारीक, गोड, सिंधीत.

"अमां... मी इकडे आहे. घरी कधी जायचं?"

मी तरटाकडे वळले. बाहेरून हाक आली, "आये, चल की... उशीर व्हतोय."

मी गाठोडं उचललं आणि टांग्यात जाऊन बसले. आई होते मी, तरी गेले.

आता रुकीला नातवंडं आहेत. एक शब्द सिंधी येत नाही तिला. मी मात्र पापड तळला की एक वाटीत घालून भिंतीशी ठेवते. संध्याकाळी ती वाटी जागेवर असते. आमच्या घरी लहानपणापासून शिकवतात तशी, लख्ख धुतलेली आणि रिकामी.