योसेफ नावाची चादर

"नाव सांगा."

"योसेफ."

उत्कर्षानं मान वर न करता 'युसुफ' टाइप केलं. चादरींच्या दुकानात मशीनवर नावं भरून द्यायचं तिचं काम.

काउंटरपलीकडून हसू ऐकू आलं. "नाव तेच. अरबीत युसुफ, इंग्रजीत जोसेफ... आम्ही ज्यू, आमच्या हिब्रूत योसेफ."

तिनं वर पाहिलं. हसरे डोळे, खिशाला रेल्वेचं ओळखपत्र – आरोन झिराडकर.

"मग तुमचं न्हाय व्हय हे?"

"भाच्याचं. ठाण्याला बहिणीला मुलगा झालाय. माझ्या वडिलांचं नाव ठेवलंय."

"अर्थ काय ओ?"

"देव अजून देवो. फार जुनी गोष्ट आहे. राहेल नावाच्या बाईला कितीतरी वर्षं मूल नव्हतं. झालं, तेव्हा तिनं हे नाव ठेवलं."

"एक पदरात पडलं की लगेच अजून? लई हावरी की!"

"हावरी नाही..." त्याचा आवाज उतरला. "फार वाट बघितली होती तिनं."

उत्कर्षाच्या हातातला दोरा काही केल्या सुईत जाईना.

मराठीखाली त्यानं हिब्रू अक्षरंही भरून घेतली. चारच. सोमवारी तो पुन्हा आला. "आणखी एक चादर. तसंच नाव." त्यानं कागदावर उजवीकडून डावीकडं अक्षरं काढली, तशी ती चपापली. कॉम्प्युटरनं मागच्या वेळी सगळी उलटी लावली होती!

"चुकलं व्हतं की! बोलला का न्हाय?"

"बोललो असतो तर तुम्ही तिथंच नीट करून दिलं असतं. मग परत कशाला आलो असतो?"

ती लाजून मशीनकडं वळली. त्यानंतर तो येतच राहिला – कधी टॉवेल, कधी नुसतंच "इकडून चाललो होतो".

आणि एका बुधवारी म्हणाला, "भुसावळला बदली झाली. उद्याची गाडी आहे."

ती मशीनवर वाकली. घरी वडील, आप्पा, अकलूजच्या स्थळाशी बोलणी करत होते. ते तिनं सांगितलं नाही.

गुरुवारी मात्र तिच्या गावाची, कुंभारीची एसटी शहरात थांबली, तशी ती दुकानाऐवजी स्टेशनवर गेली. तो डब्याच्या दारात उभा होता. तिला पाहून खाली उतरला.

"मला स्थळ आलंय," ती धापा टाकत म्हणाली. "मला न्हाय करायचं तितं."

"मग... तुमच्या आप्पांना भेटायला येऊ?"

"आदी मला बोलू द्या. मारतील, रडतील, काय म्हाईत न्हाय. पर तुमी..."

"मी थांबेन, उत्कर्षा. कितीही दिवस."

तो पुन्हा डब्यात चढला, गाडी हलली. रूळ मोकळे झाले तरी ती तिथंच उभी होती.

संध्याकाळी ती घरात शिरलीच नाही. आप्पा गोठ्यात होते. सरळ तिकडं गेली.

"आप्पा, बोलायचं हाय."

तिचे सुजलेले डोळे बघून आप्पांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"बस हितं," ते म्हणाले. "बोल."